पानसे सरांच्या डोक्यातला आकडा

आम्ही वारज्याला राहायला आलो त्या वर्षी सोसायटीच्या चेअरमननी गणपतीत माझा सत्कार ठेवला. नवा निवृत्त माणूस आला की त्याला एकदा शाल घालायची आणि मग पाण्याच्या टाकीच्या कमिटीत राबवून घ्यायचं, अशी इथली पद्धत आहे. चेअरमन माइकवरून म्हणाले, "ह्या नीलाताई सबनीस. ह्यांनी आयुष्यभर गुरुत्वाकर्षणाचा शोध घेतला." पहिल्या रांगेतल्या एका काकांनी तिथल्या तिथे विचारलं, "मग सापडलं का?"

"नाही," मी म्हटलं.

"अरेरे. किती वर्षं शोधत होतात?"

"नोकरीभर."

"पेन्शन आहे ना पण?"

"आहे."

"मग हरकत नाही," काका म्हणाले, आणि सगळ्यांनी सांत्वनाच्या टाळ्या वाजवल्या.

गुरुत्वाकर्षण हरवलेलं नाही, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही, कारण प्रसाद थंड होत होता. आता दिवाळी अंकाने जागा दिलीच आहे तर सांगते. मी शोधत होते ती गुरुत्वाकर्षणाची एक बारीकशी लुडबूड. ती सापडली नाही हे खरं आहे. पण आमच्या धंद्यात न सापडण्यालाही प्रती असतात. गबाळेपणाने न सापडणं वेगळं आणि चोख न सापडणं वेगळं. मी चोखांपैकी होते, एवढा अभिमान मला आहे. आमच्या घरात मात्र चष्मा, किल्ल्या किंवा गॅसचा लायटर मिळेनासा झाला की नवरा अजून म्हणतो, "नीलाला शोधायला सांगा. नाही सापडला तरी तो कुठे नाही ते ती नक्की सांगेल."

विषय थोडक्यात असा. अंधाऱ्या खोलीत मांजर कुठे बसलंय हे बघायला तुम्ही टॉर्च मारता. मांजर दिसतं, पण टॉर्चमुळे दचकून पळतं. ते कुठे होतं हे कळलं, पण आता कुठे आणि किती वेगाने चाललंय, ते गेलं. टॉर्च मंद केला तर मांजर दचकत नाही, पण नीट दिसतही नाही. अणूसारख्या बारीक वस्तूंच्या बाबतीत ही अडचण कधीच सुटत नाही. एक गोष्ट नेमकी धरली की दुसरी निसटते. ह्यालाच अनिश्चिततेचा नियम म्हणतात आणि जवळजवळ शंभर वर्षं तो कुणाच्या बापाला हलवता आलेला नाही.

ह्या नियमात गुरुत्वाकर्षणाला जागा नाही. समजा, मांजराची मिशी बघायची म्हणून तुम्ही टॉर्चचा जोर वाढवत गेलात, वाढवत गेलात. प्रकाशाला ऊर्जा असते, आणि ऊर्जेलाही गुरुत्वाकर्षण असतं. एका टोकाला तो प्रकाशच इतका जड होईल की मांजराखालची गादी खचेल. मग मांजर नेमकं कुठे ह्या प्रश्नात काही राम उरत नाही. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, जुन्या नियमाला गुरुत्वाकर्षणापायी एक जादा पद जोडा. त्या पदाच्या आधी एक गुणक असतो. तो गुणक किती, ह्यावर जगभर भांडणं आहेत. बहुतेकांचं मत असं, की तो इतका लहान असणार की तो मोजायला जाणाऱ्याने दुसरा काही उद्योग बघावा.

पानसे सरांचं मत तसं नव्हतं.

पानसे सर आमच्या संस्थेत तिसऱ्या मजल्यावर बसायचे. ते कागदावर काम करणारे, मी तळघरात यंत्रावर काम करणारी. आमच्याकडे ह्या दोन जाती आहेत आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नसला तरी चहाचा व्यवहार असतो. सरांनी निम्मं आयुष्य खर्च करून गणित मांडलं होतं, की हा गुणक लोक समजतात त्याहून बराच मोठा असला पाहिजे. इतका मोठा की एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेला तो दिसावा. परदेशातले लोक परिषदांमधून त्यांच्याकडे बघून हसायचे. सरही हसायचे आणि परत येऊन आणखी एक लेख लिहायचे. सदरा इस्त्रीचा, चप्पल कोल्हापुरी, आणि हातात छत्री. ही छत्री ते जातील तिथे विसरायचे. संस्थेच्या प्रत्येक मजल्यावर, दोन बँकांत आणि सहकारनगरच्या त्यांच्या घराजवळच्या दूधवाल्याकडे ती राहून आलेली होती.

एका वर्षी ते जिना उतरून माझ्याकडे आले. गुडघे दुखत असल्यामुळे खाली येईपर्यंत त्यांचा श्वास फुलला होता. म्हणाले, "नीलाबाई, तुमचं ते यंत्र माझा गुणक मोजू शकेल का?"

"शकेल. पण सर, तो शून्य निघाला तर?"

"तर मी लवकर निवृत्त होईन. सुमन कधीपासून मागे लागली आहे, गच्चीवरच्या कुंड्या रंगवायच्या आहेत."

सुमन म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या सुमनवहिनी. सर हे हसत बोलले, पण हात छत्रीच्या मुठीवर घट्ट होता. त्यांचं सगळं काम त्या एका आकड्यावर उभं होतं आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

माझं यंत्र म्हणजे नखाएवढ्या चौकटीवर ताणलेला एक पडदा. केसापेक्षा कितीतरी पातळ. त्याला हवा काढलेल्या नळकांड्यात, भयंकर थंडीत ठेवायचं आणि प्रकाशाने टिचकी मारायची. पडदा कंप पावतो, त्याचा एक सूर लागतो. टिचकी हळू मारा की जोरात, सूर तोच राहायला हवा. सरांचं जादा पद खरं असेल, तर जोरात टिचकी मारल्यावर सूर किंचित उतरेल. सगळा मामला त्या किंचितवर होता.

आता असा पडदा पुण्यात लावायचा म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. शेजारच्या मेसमध्ये इडलीचं पीठ वाटायला लागले की माझा आलेख थरथरायचा. मेट्रोचं खोदकाम सुरू झालं तेव्हा मी नकाशावर टाचण्या लावून बसायचे, जणू शत्रू चाल करून येतोय. हडपसरच्या ज्या वर्कशॉपमधून चौकटी करून आणायचे, तिथल्या मालकांना मी म्हटलं, "ह्याच्यात जरासुद्धा खरखर नको." ते म्हणाले, "म्याडम, एवढं गुळगुळीत हाय की माशी बसली तर घसरंल." चौकट खरंच तशी होती. माशी वगळता सगळ्या पुण्याची खरखर तिच्यावर उमटायची.

एके वर्षी पावसाळ्यात रोज संध्याकाळी पडदा वेड्यासारखा थरथरायला लागला. माझ्याकडे पल्लवी नावाची वर्ध्याची मुलगी पीएचडी करत होती. राहायची वाघोलीला, मैत्रिणींबरोबर. मी तिला म्हटलं, "हे कुठून येतंय, शोधून काढ." दोन दिवसांनी ती मान खाली घालून आली.

"मॅडम, नदीकाठी ढोलपथकाची प्रॅक्टिस चालू आहे. तिथून येऊन राहिलं ते."

"मग जा आणि त्यांना सांग."

"सांगितलं न मॅडम. ते ऐकत नाहीत."

"कोण ऐकत नाही? नाव सांग, मी बोलते."

"मीच वाजवते तिथं," पल्लवी म्हणाली. "पहिल्या रांगेत."

म्हणजे ही पोरगी दिवसभर पडदा शांत करायची आणि संध्याकाळी जाऊन नदीवरून त्याला हादरे द्यायची. शेवटी आम्ही टिचक्या सकाळी मारायच्या आणि ढोल संध्याकाळी, असा तह केला. तहाबद्दल तिने मला वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं आणून दिली. ह्या बिस्किटांचं पुढच्या हकिगतीत महत्त्व आहे.

त्याआधी भेसळीचं सांगते. आमच्या धंद्यातली ही एक रीत आहे आणि ती ऐकून सज्जन माणसं चक्रावतात. वजनकाट्यावर आपण चढतो. आकडा मनासारखा आला की उतरतो. नाही आला, तर चप्पल काढतो, घड्याळ काढतो, काटा दुसऱ्या फरशीवर ठेवतो आणि पुन्हा चढतो. शास्त्रज्ञही माणसंच. उत्तर आवडलं की चुका शोधायचं थांबतात. म्हणून आम्ही उत्तर स्वतःपासूनच लपवतो. एकजण संगणकात एक गुपित आकडा घालतो. तो आकडा सगळ्या मोजमापात आपोआप मिसळला जातो. त्यालाच आम्ही भेसळ म्हणायचो. मग महिनोन्महिने आम्ही भेसळीचं उत्तर बघत काम करायचं, त्यातल्या चुका काढायच्या, आणि आता एकही चूक उरली नाही असं सगळ्यांनी कबूल केल्यावर भेसळवाल्याने आपला आकडा सांगायचा. तो वजा केला की खरं उत्तर. एकदा ते आलं की कुणी चप्पल काढायची नाही.

मोठ्या ठिकाणी हे काम बंदोबस्तात चालतं. आम्ही गरीब घरचे, आमचा कारभार शब्दावर. भेसळ करणारा माणूस विषय जाणणारा हवा, पण आमचे आलेख त्याच्या नजरेस पडता कामा नयेत. तळघरात कधीच न येणारा आणि आकडेमोडीत पक्का असा एकच माणूस होता.

"मी तळघरात आता दोनदाच येणार," पानसे सर म्हणाले. "आज भेसळ करायला आणि मग निकालाला. मधल्या काळात तुमचा जिना आणि माझे गुडघे ह्यांची भेट नको."

त्यांनी आम्हाला बाहेर काढलं, आकडा संगणकात घातला आणि बाहेर आले. मी म्हटलं, "सर, आकडा कुठेतरी लिहून ठेवा."

"कशाला? लिहिलेलं सापडतं."

"पण तुम्ही विसरलात तर? तुमची छत्री..."

"नीलाबाई, छत्री मी विसरतो कारण डोक्यात आकडे असतात. आकडे विसरलो असतो तर छत्री राहिली असती."

हा तर्क आम्ही मान्य केला. काम सुरू झालं.

पुढे संस्थेने तळघरापर्यंत लिफ्ट बसवली. ती माझ्या गॅसच्या जड टाक्यांसाठी होती आणि तिच्यासाठी मी इतके अर्ज केले होते, की ती सुरू झाली तेव्हा मीच नारळ फोडला. लिफ्टची ही गोष्ट मी उगाच सांगत नाही. दुसऱ्याच आठवड्यात, गुरुवारच्या आमच्या बैठकीच्या वेळी लिफ्टचं दार उघडलं आणि आतून पानसे सर बाहेर आले.

"खाली बिस्किटं असतात असं कळलं," ते म्हणाले.

पल्लवीने गोरसपाकचा डबा पुढे केला. मग सर दर गुरुवारी यायला लागले. एक खुर्ची त्यांची झाली. आम्हाला इतका आनंद झाला होता की विचारू नका. तिसऱ्या मजल्यावरचा एवढा मोठा माणूस आमच्यात बसतो, पल्लवीची थट्टा करतो, चहा बशीत ओतून पितो. चाललं होतं ते सगळं छानच चाललं होतं.

पहिला पुरा आलेख भिंतीवर लागला त्या गुरुवारी सगळे जमले होते. भेसळीसकट आलेलं उत्तर बरंच मोठं होतं. त्यात भेसळ किती आणि खरं किती, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. पल्लवी म्हणाली, "मॅडम, मला तर वाटून राहिलं की काहीतरी आहे." मी तिला दटावलं, पण मलाही तसंच वाटत होतं. सरांनी चष्मा पुसून आलेखाकडे पाहिलं. एक बिस्किट घेतलं. "रेघ छान सरळ आली आहे," म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले. पल्लवी सवयीने छत्री द्यायला त्यांच्यामागे धावणार, तर खुर्चीला छत्री नव्हती. सर स्वतःच घेऊन गेले होते. ह्या चमत्काराबद्दल आम्ही बंद झालेल्या लिफ्टकडे बघून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर सर आणखी कडक झाले. "पुन्हा तपासा," हा त्यांचा मंत्र झाला. "प्रकाशाचा जोर तपासा. थंडी तपासा. नीलाबाई, तुमची ती इडली तपासा." आम्ही तपासत गेलो. प्रत्येक दुरुस्तीने उत्तर इकडेतिकडे हलायचं, पण भेसळीमुळे ते हलणं चांगलं की वाईट हे आम्हाला कळायचं नाही. भेसळ करतात ती ह्यासाठीच.

मग पल्लवीला एक खरी त्रुटी सापडली. जोरात टिचकी मारली की पडदा थोडा तापतो आणि त्यानेही सूर बदलतो. हे आम्ही धरलंच नव्हतं. तिने पंधरवडा खपून ती दुरुस्ती केली आणि गुरुवारी नवं उत्तर भिंतीवर लावलं. उत्तर एकदम बरंच वर सरकलं होतं. आम्ही माना डोलावल्या. मी तर म्हटलं, "शाबास, ही शेवटची दुरुस्ती. आता निकालाचा दिवस ठरवू." सगळ्यांना घाई झाली होती, मला सगळ्यात जास्त.

 सर भिंतीकडे बघत बसले. हातातलं बिस्किट चहात इतका वेळ राहिलं की त्याचा तुकडा पडला. मग ते चमच्याने तो तुकडा काढत म्हणाले, "पल्लवी, पडदा तापला की ताणला जातो की सैल होतो?"

"ताणला जातो न सर. सूर चढतो."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? ढोलाचं पान नाही का, दमट हवेत उतरतं आणि ऊन दिलं की चढतं."

"ते पान कातड्याचं असतं ना?"

पल्लवीने तोंडावर हात ठेवला. ऊन दिलं की कातड्यातली ओल उडते, म्हणून ते ताठ होतं. आमच्या पडद्यात ओल नव्हती. तो तापला की नुसता पसरणार आणि सैल पडणार. म्हणजे जी दुरुस्ती वजा करायची ती तिने मिळवली होती. इतक्या माणसांत, मी धरून, कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

"सर, चुकलंच," ती रडवेली होऊन म्हणाली.

"चुकलं नाही. पहिल्या रांगेत वाजवणाऱ्याने तेच म्हणायला हवं," सर म्हणाले. "फक्त आपला पडदा मिरवणुकीत जात नाही, एवढं लक्षात ठेव." सगळे हसले. सर सगळ्यात जास्त हसले आणि त्यांनी दुसरं बिस्किट घेतलं. दुरुस्ती उलटी फिरवली तसं उत्तर खाली आलं आणि जवळपास पहिल्या आलेखातल्या जागी जाऊन बसलं.

निकालाचा दिवस ठरला, आणि नेमकं त्याच्या आधी सरांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. आम्ही सगळे हवालदिल झालो. कुणी उघड बोलत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात एकच होतं. भूल देणार, वय झालेलं, आणि आमची सगळी वर्षं त्या डोक्यात. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो. सुमनवहिनी दाराशीच बसल्या होत्या.

"सरांचा गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"गुडघा गुडघ्याच्या जागी आहे. आकडाही आहे," वहिनी म्हणाल्या. "तेच विचारायला आलात ना? बसा."

पल्लवी खजील झाली. "तसं नाही काकू..."

"तसंच आहे. अगं, भूल द्यायच्या आधी हे त्या डॉक्टरांना हाक मारत होते, एक आकडा सांगून ठेवतो म्हणून. डॉक्टर घाबरले. त्यांना वाटलं, बँकेच्या लॉकरचा आहे. शेवटी मी म्हटलं, मला सांगा. लग्न झाल्यापासून तुमची छत्री मी सांभाळते, आकडाही सांभाळीन."

"मग आता तुम्हाला माहीत आहे?"

"आहे. आणि मोसंबी आणा नाहीतर हापूस आणा, सांगणार नाही."

निकालाच्या सकाळी सर काठी टेकत लिफ्टमधून उतरले. वहिनीही आल्या होत्या, निकाल बघायला नाही, काठीवर लक्ष ठेवायला. आम्ही सगळ्यांनी एकेक करून कबूल केलं, की ह्यापुढे काही तपासायचं उरलेलं नाही. सरांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि आकडा सांगितला. वहिनींनी मान हलवली, बरोबर आहे म्हणून. पल्लवीने तो संगणकात घातला.

उरलं ते शून्य होतं. आमच्या मोजमापाच्या मर्यादेत, स्वच्छ, चोख शून्य. सरांचा गुणक त्या मर्यादेच्या खूप बाहेर राहिला होता.

 मला सरांकडे बघायचं धैर्य नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बघते तर तेच.

"अहो, हे काय सुतकी चेहरे! जगात कुणाला इतकं चांगलं शून्य मिळालेलं नाही," ते म्हणाले. "पल्लवी, प्रबंध लिहायला घे. पहिल्या प्रकरणात माझा गुणक घाल, शेवटच्या प्रकरणात त्याला पोचव. मधे थोडा ढोल वाजव."

मग त्यांनी डबा पुढे ओढला. डबा रिकामा होता, तेव्हा मात्र ते म्हणाले, "हे वाईट झालं."

आमचा लेख छापून आला. जादा पद असलंच तर ह्याहून मोठं असू शकत नाही, अशी एक कुंपणाची रेघ आम्ही आखली, आणि आजही लोक त्या रेघेपासून पुढे मोजतात. सर निवृत्त झाले. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, ते मुळी खेळाडू वृत्तीचेच, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. आपल्या सोयीचं उत्तर आलं की आपण काट्यावरून उतरतो, म्हटलं ना.

पल्लवीला पदवी मिळाल्यावर तिचे पेढे घेऊन आम्ही दोघी सहकारनगरला गेलो. आभाळ आलेलं, म्हणून मी छत्री घेतली होती. सर गच्चीवर कुंड्या रंगवत होते. खाली वहिनींनी पोहे केले. बोलता बोलता मी म्हटलं, "त्या सकाळी सरांनी किती पटकन सावरलं हो."

वहिनी पोह्यांवर खोबरं भुरभुरत होत्या. "त्या सकाळी सावरायचं काय होतं? तुम्हाला तेव्हा कळलं. ह्यांना केव्हाच कळलं होतं."

"म्हणजे?"

"तुमचा तो पहिला आलेख लागला ना, त्या दिवशी हे घरी आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, 'सुमन, गेलं गं.' मी म्हटलं, 'काय गेलं? छत्री?' तर म्हणाले, 'नाही. छत्री आहे.' आणि हातातली छत्री वर करून दाखवली मला. मग जेवले नाहीत."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. भेसळ त्यांनीच घातली होती. भिंतीवरच्या आकड्यातून ती वजा करायला त्यांना संगणक लागत नव्हता. आम्ही सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती, आणि एका माणसाला पट्टीशिवाय दर गुरुवारी समोर खुर्ची दिली होती, चहा दिला होता, बिस्किटं दिली होती. त्यांना तळघर परकं होतं म्हणून तर निवडलं होतं. लिफ्ट आली आणि ही अटच गळून पडली, ते एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

आणि मग मला ढोलाचा गुरुवार आठवला. मी पल्लवीकडे पाहिलं. ती बोटांवर हिशेब करत होती. तिची ती उलटी दुरुस्ती धरली आणि भेसळ वजा केली, तर काय उरत होतं?

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "सरांचाच गुणक येतो. जवळजवळ तंतोतंत."

त्या खोलीत तो आकडा फक्त त्यांना दिसत होता. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो भिंतीवर लागला होता, आणि मी उठून निकालाचा दिवस ठरवायला निघाले होते. त्यांनी फक्त गप्प बसून बिस्किट खायचं होतं. मला भरून आलं. वहिनींसमोर रडायला नको म्हणून मी माझी छत्री उचलून गच्चीवर गेले.

सर गेरूचा हात देत होते. मी विचारलं, "सर, तुम्ही 'पुन्हा तपासा' म्हणत होतात, ते कशासाठी होतं?"

"कळलं वाटतं," ते ब्रश न थांबवता म्हणाले. "सुमनच्या पोटात आकडा राहतो, बाकी काही राहत नाही. अहो, मला वाटायचं, तुमची एखादी चूक निघेल आणि माझं पद परत येईल. रोज वाटायचं."

"आणि पल्लवीची निघाली."

"ती उलट्या बाजूची निघाली."

"तुम्ही बोलला नसतात तर कुणालाही कळलं नसतं."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ती नेहमीची थट्टा होती, पण डोळे ओले होते.

"नीलाबाई, पडदा तापला की सैल होतो," ते म्हणाले. "त्याला मी तरी काय करणार?"

 मी नमस्कार केला, खाली आले, वहिनींचा निरोप घेतला. पल्लवी आणि मी फाटकाबाहेर येऊन चालायला लागलो. कोपऱ्यापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून वरून हाक आली. गच्चीच्या कठड्यावरून सर वाकले होते आणि गेरूने माखलेल्या हातात काहीतरी उंच धरून हलवत होते.

"अहो नीलाबाई, छत्री!"